एकवीस अंशांची अट

पॅसेजच्या भिंतीवर घराची ऊब सांभाळणारा थर्मोस्टॅट बसला त्या दिवसापासून साहेबांना वाटू लागलं, की घरात कोणीतरी तिऱ्हाईत राहायला आलंय. बशीएवढा गोल, काळा, काचेच्या तोंडाचा. माणूस जवळ गेला की आपोआप उजळायचा, आकडा दाखवायचा, आणि माणूस लांब गेला की डोळा मिटून घ्यायचा.

"झोपलेला नाहीये तो," साहेब बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले. "सोंग घेतलंय."

साहेब वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. काट्याच्या ताटलीखाली चिकटवलेलं मेण, तळाला ठोकून आत घेतलेलं लिटरचं माप, भोक पाडून पुन्हा बुजवलेलं किलोचं वजन, असलं सगळं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. संशय हा आपला स्वभाव नसून अनुभव आहे, असं ते म्हणत. स्वभावच आहे, असं काकू म्हणत. बिल्डिंगमध्ये त्यांना अजून सगळे साहेब म्हणायचे, आणि म्हणताना किंचित हसायचे. ते हसणंही साहेबांच्या संशयात जमा होतं.

थर्मोस्टॅट लेकीने पाठवला होता आणि जावयांनी स्वतःच्या हाताने बसवला होता. कामासाठी या गावात आले असताना, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, चहा उभ्याउभ्या पीत. घर किती गरम आहे हे आता लेकीला तिच्या गावात बसून फोनवर दिसणार होतं. साहेबांना हे अजिबात आवडलं नव्हतं, पण जावयांपुढे ते "वा, वा, फारच सोयीचं" असं म्हणाले होते.

मग लेकीचा फोन आला. बाळ आता मान धरायला लागलंय, रविवारी घेऊन येतो, म्हणाली. साहेबांनी नात अजून फोनच्या काचेतच पाहिली होती. ते खुर्चीतून अर्धे उठले. पण लेकीच्या बोलण्यात पुढे एक 'पण' होता.

"पण बाबा, मागच्या थंडीत मी तुमच्याकडे कोट घालून झोपले होते."

"सोळा अंशांत माणूस ताजा राहतो."

"भाजी राहते ताजी. बाळ नाही. हे बघा, आठवडाभर घर एकवीसवर ठेवून दाखवा. मला इथे दिसेलच. राहिलं तर सामान घेऊन तुमच्याकडे उतरू. नाहीतर सासूबाईंकडे उतरू आणि तुम्हाला भेटून जाऊ."

विहीणबाईंचं घर याच गावात, बाजारापलीकडे. तिथे म्हणे भर थंडीत लोक अर्ध्या बाह्यांत वावरायचे. 'भेटून जाऊ' हे दोन शब्द साहेबांना झोंबले. भेटून काय जायचं? भेटून पाहुणे जातात. आणि जन्मभर दुसऱ्याचे तराजू तपासलेल्या माणसाला आता पोटची पोरगी तराजूत घालत होती. तरी त्यांनी थर्मोस्टॅटवर बोट फिरवून एकवीसचा आकडा लावला, तो एखाद्या फिर्यादीवर सही करावी तसा.

बॉयलर हुंकारला, रेडिएटर टकटकले, घर गरम झालं. साहेबांनी मफलर काढला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मोस्टॅटचा डोळा मिटला तो उघडेचना. साहेब जवळ गेले, लांब गेले, पुन्हा एकदम जवळ गेले. काहीच नाही. रेडिएटर गार पडले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, बंद केलंत ना?"

"मी? मी हातसुद्धा नाही लावला!"

"इथे ऑफलाइन दाखवतंय. कालपर्यंत चालू होतं. बाबा, सवय सुटत नाही हो तुमची."

साहेबांनी फोन ठेवला. ज्या माणसाने एकेका दुकानदाराला "काटा बंद का ठेवलास?" असं दरडावून विचारलं, त्याला आज तोच प्रश्न आला होता, आणि दुकानदार द्यायचे तेच उत्तर त्याने दिलं होतं. मी हातसुद्धा नाही लावला! सगळे हेच म्हणायचे.

काकूंनी माहितीपुस्तिका वाचली. बॅटरी उतरली असेल तर यंत्र भिंतीवरून ओढून काढा आणि मोबाइलच्या चार्जरला लावा, असं त्यात होतं. साहेबांनी यंत्र ओढलं. ते सुळकन हातात आलं आणि मागे भिंतीवर त्याची बैठक उघडी पडली. त्यात एक लाल वायर, एक पांढरी वायर, आणि भिंतीच्या भोकातून डोकावणारं निळ्या वायरचं एक वेटोळं, कशालाच न जोडलेलं.

"ही निळी मोकळी का?" काकूंनी विचारलं.

साहेबांची नजर त्या वायरवर गेली होतीच. दुसऱ्या कोणी ठेवली असती तर त्यांनी पंचनामाच केला असता. पण ते चटकन म्हणाले, "जावईबापूंनी ठेवलीय ना? मग काही कारण असेल."

"विचारू का त्यांना?"

"काहीतरीच काय! त्यांना वाटेल, आपण त्यांच्या कामात चूक काढतोय."

म्हणजे बघा, या घरात संशयाच्या कक्षेबाहेर कोणीच नव्हतं. दूधवाला नव्हता, हवामानखातं नव्हतं, खुद्द काकू नव्हत्या. जावई तेवढे होते.

यंत्र स्वयंपाकघरात ओट्यावर चार्ज झालं, पुन्हा भिंतीवर बसलं आणि उजळलं. मात्र साहेबांनी आता पॅसेजमध्ये खुर्ची टाकली. कधी बंद पडतं, कोण बंद पाडतं, हे डोळ्यांनी बघायचं. ते समोर बसले की यंत्र उजळायचं, आणि ते बसलेले असेपर्यंत उजळलेलंच राहायचं. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. काकूंना बाथरूमला जायचं तर त्या दोघांच्या मधून वाकून जावं लागायचं. एवढा पहारा असूनही बॅटरी कालच्यापेक्षा लवकर उतरली.

"बघ," साहेब म्हणाले, "मी समोर असताना! काय हिंमत आहे!"

वरच्या मजल्यावरचे मास्तर सल्ला द्यायला आले. ते चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि त्या मानाने विजेविषयी फार बोलायचे. त्यांनी यंत्राकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि साहेबांना हाताला धरून बाथरूममध्ये नेलं. नळ सोडला.

"ऐकतं ते," मास्तर कुजबुजले.

"काय ऐकतं?"

"सगळं. ऐकून ऐकूनच बॅटरी उतरते त्याची. माझा मेव्हणा एकदा बायकोला म्हणाला, गुडघा दुखतोय. दुसऱ्या दिवशी फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती! आता बोला."

साहेब काय बोलणार? त्यांनी बोलणंच बंद केलं. पॅसेजमधून जाताना दोघं नवरा-बायको खाणाखुणा करू लागले. घरातले महत्त्वाचे विषय, म्हणजे विहीणबाई, पोटाच्या तक्रारी आणि खुद्द मास्तर, हे सगळे नळ सोडून बाथरूममध्ये बोलले जाऊ लागले. त्यातच साहेबांना एक गोष्ट सुचली.

"उष्णता कुठे जाते?" त्यांनी नळाच्या आवाजात विचारलं.

"कुठे?"

"वर जाते. आणि वर कोण राहतं?"

"अहो, तो माणूस आपल्याला मदत करायला आला होता."

"पाहणी करायला आला होता. स्वतःचं हीटिंग लावतच नाही तो. आपल्या छतावर पाय शेकत बसतो!"

"मग आता छत काढून आणायचं का खाली? नळ बंद करा, पाणी वाया जातंय."

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी एका बाईने 'एक दाबा, दोन दाबा' असं खेळवलं. ती बाई खरी नव्हती, हे साहेबांनी तिसऱ्या वाक्याला ओळखलं. मग एक खरा मुलगा आला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाला, "सर, हे उपकरण आपल्या नावावर नाही."

"माझ्या भिंतीवर आहे."

"हो सर, पण नोंदणी मॅडमच्या नावावर आहे. मॅडमच्या मोबाइलवर एक कोड जाईल, तो सांगितलात की आपण बोलू शकतो."

मॅडम म्हणजे लेक. नेमकं जिच्यापासून लपवायचं तिलाच विचारून यायचं होतं! साहेबांनी हाताने फोन झाकला आणि काकूंना खुणावलं, तू मॅडम हो. काकूंनी कपाळावर हात मारला, पण फोन घेतला.

"हॅलो, मी मॅडम बोलतेय."

"नमस्कार मॅडम. आपली जन्मतारीख?"

काकूंनी स्वतःची सांगितली. आयुष्यभराची सवय. मुलगा तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, या तारखेप्रमाणे आपण आपल्या आई आहात."

काकूंनी घाईघाईने फोन ठेवला. "मला नाही जमायचं असलं काही," त्या म्हणाल्या. "आणि इतकं लपवायचं तरी कशासाठी? सरळ सांगून टाका पोरीला."

"काय सांगू? बापाला एक बशी सांभाळता येत नाही?"

मग बॉयलरवाला आला. जाडजूड, मिशाळ, बोलका. बॉयलरचं झाकण उघडून, आत टॉर्च मारून, त्याने बॉयलरचं तोंडभर कौतुक केलं. मग पॅसेजमध्ये येऊन यंत्र काढलं, बैठकीकडे बघितलं आणि हसला.

"साहेब, याला स्वतःचा पुरवठाच नाही. हे चोरून खातंय."

"काय म्हणालात?"

"चोरून. बॉयलरला निरोप द्यायची जी वायर आहे ना, त्यातूनच थोडी थोडी वीज ओरबाडतं आणि बॅटरी भरतं. तेवढ्यावर याचं पोट भरत नाही. त्यात स्क्रीन सारखा जागा राहिला की संपलंच."

साहेबांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा फुलला. "ऐकलंस?" ते ओरडले. नळ सोडायचंही भान राहिलं नाही त्यांना. "चोर आहे! मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं!"

"त्याची चोरी कसली? उपाशी ठेवल्यावर कोणीही करेल." बॉयलरवाल्याने निळ्या वेटोळ्याला बोट लावलं. "हे कोणी बसवलं?"

"जावयांनी," काकू म्हणाल्या.

बॉयलरवाल्याने बोट काढून घेतलं. टॉर्च खिशात गेला. "मग बरोबरच असेल," तो म्हणाला.

"अहो, पण तुम्ही आत्ताच..."

"काकू, मी कोणाच्या जावयाच्या कामाला हात लावत नाही. मागे एकदा लावला होता, नळच होता साधा. त्या घरातली पोरगी दोन सणवार माहेरी आली नाही. त्यांना येऊ द्या, त्यांच्या हाताने होऊ द्या." आणि चहा पिऊन, बॉयलरची पुन्हा एकदा स्तुती करून तो निघून गेला.

आता खरं सांगायचं तर उपाय सगळ्यांनाच कळला होता. पण तो करायचा म्हणजे जावयांची चूक उघड्यावर आणायची. साहेबांनी दुसरा मार्ग धरला, यंत्र दिवसातून दोनदा उतरवायचं आणि ओट्यावर चारून आणायचं. तेवढा वेळ लेकीच्या फोनवर 'ऑफलाइन' दिसायचं आणि तेवढ्या वेळा तिचा फोन यायचा. "बाबा, पुन्हा?" साहेब कधी म्हणायचे वीज गेली होती, कधी म्हणायचे, इकडे ढगाळ आहे. दर खेपेला तिचा आवाज थोडा थंड व्हायचा. घरासारखाच.

असंच एकदा यंत्र ओट्यावरून आणून भिंतीवर बसवलं. शेजारी शेगडीवर दूध तापत होतं, त्यामुळे यंत्रही चांगलं तापलं होतं. डोळा उघडून ते म्हणालं, चोवीस. घरात प्रत्यक्षात दोघं शाली गुंडाळून होते. आणि लगेच लेकीचा निरोप आला. 'वा बाबा! चोवीस!! मस्त!' पुढे हसऱ्या चेहऱ्यांची माळ.

साहेबांनी तो निरोप वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. आठवडाभरात पोरगी पहिल्यांदा खूश झाली होती. पॅसेजमध्ये ते एकटेच होते, आणि मनात एक विचार आला, जो त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या मनातून ओढून बाहेर काढला होता.

काटा खरा असायची गरज नाही. तो खरा दिसायला हवा.

शनिवारी, म्हणजे आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळपासून यंत्र सोळाच्या वर जाईना. रात्री लेक निर्णय सांगणार होती. काकू खाली दळण आणायला गेल्या आणि साहेबांनी त्यांचा हेअर ड्रायर काढला. मफलर गुंडाळला, कोट घातला, पॅसेजमध्ये उभं राहून भिंतीवरच्या चोराच्या तोंडावर गरम हवा सोडली. सतरा. एकोणीस. एकवीस! साहेबांना गहिवरून आलं. जरा राखीव असावं म्हणून आणखी थोडी सोडली.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. यंत्राला वाटलं, घर तापलं. त्याने बॉयलरला निरोप दिला, पुरे आता. बॉयलर बंद झाला, उरलीसुरली धुगधुगी गेली, आणि साहेबांच्या पायांना जास्तच गारठा जाणवू लागला. म्हणून त्यांनी ड्रायर मोठ्यावर केला. त्या घोंगावण्यात खिशातला फोन वाजून वाजून थांबला, तो त्यांना ऐकूच आला नाही.

धाडकन दार उघडलं. आधी मास्तर आत आले, पायात नुसते मोजे, हातात पाण्याची भरलेली बादली. मागून काकू धापा टाकत, हातात किल्ली आणि काखेत दळणाचा डबा.

"कुठे आहे?" मास्तर किंचाळले. "आग कुठे आहे?"

साहेब ड्रायर रोखून उभे होते. चोराला मुद्देमालासह पकडतात, ते कसं दिसतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

"तुमच्या मुलीचा फोन आला मला," मास्तर म्हणाले. "घर त्रेचाळीस अंश दाखवतंय, बाबा फोन उचलत नाहीत, पळा म्हणाली!" मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, साहेबांचा कोट-मफलर बघितला आणि बादली सावकाश खाली ठेवली. "इथे तर बर्फ पडेल हो."

काकूंनी ड्रायरची वायर प्लगमधून काढली. खिशातला फोन पुन्हा वाजला, या वेळी व्हिडिओवर. लेकीचा चेहरा काचेला चिकटल्यासारखा मोठा दिसत होता.

"बाबा! बरे आहात ना? काय जळलं?"

साहेबांनी तोंड उघडलं. वीज, ढग, सगळी उत्तरं ओठांवर येऊन गेली. "काही जळलं नाही," ते म्हणाले. "मी तुला फसवत होतो. आईचा ड्रायर लावला होता त्याला. घर गरम नाहीये. आठवडाभर धड नव्हतं. बॅटरी चार्जच होत नाही त्याची." आणि मग अगदी हळू, "तू खुशाल सासूबाईंकडे उतर."

मग लेक म्हणाली, "यंत्र भिंतीवरून काढा. मागच्या वायरी दाखवा मला."

काढलं. दाखवल्या. आणि फोनमधून, लेकीच्या बाजूने, एक पुरुषी आवाज आला. "अरे देवा. निळी राहिली."

"छे, छे!" साहेब चटकन म्हणाले. "तुमची काही चूक नाही जावईबापू, वायरच फार निळी आहे ती."

"नाही हो बाबा, बॉयलरच्या टोकाला जोडली मी आणि इकडची तशीच ठेवून गाडी गाठली. तुम्ही विचारलं का नाही?"

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनाही एक जावई होते. त्यांनी बादलीकडे बघितलं.

मेन स्विच काकूंनी बंद केला. जावई तिकडून सांगत गेले, साहेबांनी निळ्या वायरचं टोक रिकाम्या खाचेत घालून दाबलं, मास्तरांनी टॉर्च भलतीकडेच धरला, आणि स्विच पुन्हा लागला. यंत्र उजळलं. बॅटरीच्या चित्रात छोटीशी वीज चमकली. आत बॉयलर हुंकारला.

"झालं!" लेक म्हणाली आणि हात उंचावला. त्याबरोबर तिचा चेहरा काचेपासून थोडा लांब गेला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "तू कुठे आहेस?"

"घरी. कुठे असणार?"

"तुझ्या मागे ते विजेचे मीटर कोणाचे आहेत?"

"कुठले मीटर?"

"शेवटच्याची काच तडकलीय. तो मीटर माझा आहे."

फोनमधून हसण्याचा आवाज आला, आणि तोच आवाज दाराबाहेरूनही आला. साहेबांनी दार उघडलं. जिन्यात मीटरच्या पेट्यांसमोर लेक उभी होती. मागे जावई, दोन बॅगा, आणि त्यांच्या खांद्याला लोकरीचं एक गाठोडं.

"आत येऊ नका!" साहेब दोन्ही हात पसरून म्हणाले. "अजून पंधराच आहे! एकवीस झाल्यावर या!"

"बाबा, सरका."

"पण तुम्ही रविवारी... तू रात्री कळवणार होतीस..."

"तिकिटं आजचीच होती, कधीची काढलेली. मास्तरांना फोन केला तेव्हा रिक्षात होतो. बाळ इथेच येणार होतं. ती अट तुमच्या दोघांसाठी होती. गारठ्यात बसता आणि फोनवर सांगता सगळं ठीक आहे. आठवडाभर तरी उबेत बसाल म्हटलं." तिने आईकडे बघितलं. "आईला माहीत होतं."

साहेब सावकाश काकूंकडे वळले. यंत्र झालं, मास्तर झाले, मदतकेंद्रातली बाई झाली, हवामानखात्यावरसुद्धा त्यांनी संशय घेतला होता. आणि घरात खराखुरा कट शिजत होता तो त्यांच्या शेजारच्या उशीवर.

"तरी मी सांगत होते, सरळ सांगून टाका पोरीला," काकू म्हणाल्या आणि दळणाचा डबा आत घेऊन गेल्या.

मास्तरांनी आपल्या घरून ब्लँकेट आणतो म्हटलं आणि बादली तशीच टाकून मोज्यांवर वर पळाले. जावयांनी खांद्यावरचं गाठोडं अलगद साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते कोटाच्या आत ओढून घेतलं आणि टोपडं थोडं मागे सारलं.

नात जागी होती. तिने साहेबांच्या मिशीकडे बघितलं, मफलरकडे बघितलं, चष्म्याच्या एका काचेत आणि मग दुसऱ्या काचेत बघितलं. तिच्या एवढ्याशा कपाळाला आठी पडली. काही केल्या तिची खात्री पटत नव्हती.

"अशी का बघतेय ही माझ्याकडे?" साहेबांनी विचारलं. "काय ग, तुला कोणी काय सांगितलंय का माझ्याबद्दल?"

"कोणी काही सांगितलेलं नाही," आतून काकू म्हणाल्या. "ती सगळ्यांकडे तशीच बघते. तुमच्यावर गेलीय."